वाटलेलं यीस्ट आणि बंद पिशवी: पेशीतल्या अग्नीचा इतिहास

मागच्या वेळी आपण लोकायतांच्या, म्हणजे चार्वाकांच्या, देहात्मवादापाशी थांबलो होतो. त्यात एक दृष्टांत आला होता आणि तो आम्ही घाईघाईत उरकला, अशी तक्रार नंतर दोघा-तिघांनी केली. तक्रार रास्त आहे. म्हणून आज तिथूनच सुरुवात करू.

दृष्टांत असा. धान्याच्या किंवा गुळाच्या पाण्यात किण्व घातलं की त्याला मादकपणा येतो. धान्यात मादकपणा नव्हता, पाण्यातही नव्हता. दोन्ही एकत्र आली आणि तो उपजला. चार्वाक म्हणतात, चैतन्याचंही असंच आहे. पृथ्वी, आप, तेज, वायू यांत चैतन्य नाही, पण त्यांचा देह झाला की त्यात ते येतं. माधवाचार्यांच्या सर्वदर्शनसंग्रहात हा दृष्टांत आहे, आणि शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्यात तो खोडण्यासाठी म्हणून का होईना, घेतला आहे.

आता यातली गंमत बघा. किण्व म्हणजे आज आपण ज्याला यीस्ट म्हणतो ते, आणि यीस्ट तर जिवंत आहे! निर्जीवातून चैतन्य कसं येतं हे दाखवायला जो दृष्टांत घेतला, त्याच्याच पोटात सजीव दडून बसलेला निघाला. चार्वाकांना हे ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. युरोपातल्या रसायनज्ञांनाही ते १८३०पर्यंत ठाऊक नव्हतं, आणि कळल्यावर त्यांच्यात जे भांडण लागलं ते पुढे कित्येक दशकं चाललं.

हे भांडण आजचा विषय आहे. वरवर पाहता प्रश्न साधा आहे: आपण खाल्लेल्या भाकरीतली ऊर्जा पेशीला मिळते कशी? शाळेच्या पुस्तकात याला एक पान आणि एक आकृती पुरते. पण त्या पानामागे ‘जिवंत असणं म्हणजे काय’ हा आपला, म्हणजे तत्त्वज्ञानवाल्यांचा, प्रश्न उभा आहे. आणि एक कबुली आधीच देऊन टाकतो. या इतिहासाचा एक भाग आम्ही जवळजवळ तीस वर्षं वर्गात चुकीचा शिकवला. कुठे चुकलो ते ओघात येईल.

‘जठराग्नी’ हा शब्द आपल्याकडे इतका रुळलेला आहे की पोटात अग्नी आहे या म्हणण्यात आपल्याला काही विशेष वाटत नाही. पण हे रूपक आहे की वस्तुस्थिती, हे तराजूने ठरवायचा पहिला प्रयत्न पॅरिसमध्ये झाला. १७८२-८३च्या हिवाळ्यात लाव्हाझ्ये आणि लाप्लास यांनी एक गिनीपिग घेतला, त्याला एका भांड्यात ठेवला आणि भांड्याभोवती बर्फ भरला. बाहेरची उष्णता आत शिरू नये म्हणून त्या बर्फाभोवती आणखी एक बर्फाचा थर. जनावराच्या अंगातल्या उष्णतेने आतला बर्फ वितळेल, ते पाणी खाली जमेल, ते मोजायचं. दहा तासांत साधारण १३ औंस बर्फ वितळला. मग त्यांनी दुसरा हिशोब केला. गिनीपिग तेवढ्याच वेळात श्वासावाटे जितका कार्बन डायऑक्साइड सोडतो, तितका तयार होईल एवढा कोळसा जाळला तर किती बर्फ वितळेल? उत्तर आलं, साडेदहा औंसाच्या आसपास.

आता १३ आणि साडेदहा हे आकडे काही एक नव्हेत. आजच्या एखाद्या परीक्षकाने हा प्रबंध परत पाठवला असता. पण या दोघांना त्यातली जवळीक दिसली, आणि फरकाचं कारणही त्यांनी शोधलं: थंडीने जनावराचे हातपाय गार पडले, ती उष्णता जास्तीची धरली गेली. पुढे लाव्हाझ्ये यांच्या असंही ध्यानात आलं की अन्नातला नुसता कार्बन जळत नाही, हायड्रोजनही जळतो आणि त्याचं पाणी होतं. तेव्हा श्वसन म्हणजे ज्वलनच, फक्त संथ, ज्योतीविना. रूपकाची वस्तुस्थिती झाली.

पण हे ज्वलन होतं कुठे? लाव्हाझ्ये यांचा कल फुप्फुसांकडे होता. त्या काळी ते पटण्यासारखं होतं, हवा तिथेच तर जाते. १७९४मध्ये त्यांचा गिलोटिनवर शिरच्छेद झाला आणि त्यांच्यापुरता प्रश्न तिथेच थांबला. पुढे स्पालान्झानी यांनी दाखवलं की शरीराचे सुटे केलेले ऊतकही ऑक्सिजन घेतात, आणि १८७०च्या दशकात फ्ल्यूगर यांच्या प्रयोगशाळेत बेडकाचं रक्त काढून जागी मिठाचं पाणी भरलं तरी बेडूक ऑक्सिजन घेतच राहिला. म्हणजे आग फुप्फुसात नाही, रक्तातही नाही, पेशीपेशीत आहे. हा सगळा प्रवास आपण दोन वाक्यांत उरकला. त्याला नव्वदेक वर्षं लागली.

आता यीस्टकडे येऊ, कारण खरं भांडण तिथलं आहे.

१८३७च्या सुमारास फ्रान्समध्ये कान्यार-लातूर आणि जर्मनीत श्वान व क्युत्झिंग अशा तिघांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, सांगितलं की यीस्ट जिवंत आहे, ते वाढतं, त्याला कोंब फुटतात आणि साखरेची दारू तेच करतं. रसायनशास्त्राचे तेव्हाचे सम्राट म्हणजे लीबिग. त्यांना हे अजिबात रुचलं नाही. किती रुचलं नाही? तर १८३९मध्ये त्यांच्या नियतकालिकात एक निनावी लेख छापून आला. लिहिला होता व्होलर यांनी, आणि त्याला फोडणी लीबिग यांची होती. त्यात गंभीर चेहऱ्याने असं वर्णन होतं की सूक्ष्मदर्शकातून पाहता यीस्ट हे बारीक प्राणी दिसतात, त्यांचा आकार दारू गाळायच्या भांड्यासारखा आहे, ते साखर खातात, गुदद्वारातून अल्कोहोल सोडतात आणि मूत्रमार्गाने कार्बनिक आम्ल. विज्ञानाच्या इतिहासात इतकी उघड टवाळी क्वचितच छापली गेली असेल.

लीबिग यांना मूर्ख समजू नका, बरं का. त्यांच्या विरोधाला कारण होतं. ज्या व्होलर यांनी हे लिहिलं, त्यांनीच १८२८मध्ये प्रयोगशाळेत युरिया बनवला होता, जो तोवर फक्त प्राण्याच्या शरीरात बनतो असं मानलं जाई. रसायनशास्त्र एकेक पाऊल पुढे टाकत सजीवांच्या प्रांतात शिरत होतं, आणि इथे कोणी तरी म्हणतो, ‘दारू का होते? कारण यीस्ट जिवंत आहे.’ लीबिग यांच्या दृष्टीने हे उत्तरच नव्हतं. ‘जिवंत आहे म्हणून’ असं म्हटलं की पुढचा प्रश्न विचारायची सोय उरत नाही. न्यायशास्त्राच्या भाषेत सांगायचं तर हेतू द्यायचा तिथे साध्याचंच नाव बदलून ठेवल्यासारखं. त्यांचं स्वतःचं म्हणणं असं की यीस्ट सडू लागतं, त्या सडण्यातली हालचाल शेजारच्या साखरेला लागते आणि साखर फुटते.

मग आले पाश्चर. १८५६मध्ये लिल शहरात बीटपासून अल्कोहोल करणाऱ्या एका कारखानदाराचा माल बिघडत होता, त्याने प्राध्यापकमहाशयांना विचारलं, आणि तिथून ते या विषयात शिरले. १८६०मध्ये त्यांनी लीबिग यांच्या सिद्धान्ताच्या मुळावरच घाव घातला. शुद्ध साखर, अमोनियाचा एक क्षार, यीस्टची राख आणि चिमूटभर जिवंत यीस्ट, एवढंच घेतलं. सडण्यासारखा नत्रयुक्त पदार्थ जवळजवळ नव्हताच. तरी यीस्ट वाढलं आणि साखरेचं अल्कोहोल झालं. म्हणजे यीस्टच्या मरणाचा नव्हे, जगण्याचा हा परिणाम. पुढच्या वर्षी त्यांनी आणखी एक गोष्ट मांडली: हवा असेल तर थोड्या साखरेत यीस्ट भरभर वाढतं, हवा नसेल तर तेवढ्याच वाढीसाठी कितीतरी जास्त साखर फस्त करतं. आंबणं म्हणजे हवेविना जगणं, असा त्यांचा निष्कर्ष. ही गोष्ट लक्षात ठेवा, तिचं काम शेवटी आहे.

लीबिग यांनी दहा वर्षांनी लांबलचक उत्तर दिलं की हा प्रयोग आम्हाला जमत नाही. पाश्चर यांनी जाहीर आव्हान दिलं, समिती नेमा, तिच्यासमोर करून दाखवतो. लीबिग यांनी ते घेतलं नाही, आणि १८७३मध्ये ते वारले.

यानंतरचा प्रसंग आम्हाला फार आवडतो. थोर शरीरक्रियाशास्त्रज्ञ क्लोद बेर्नार १८७८मध्ये गेले. ते पाश्चर यांचे स्नेही. पण त्यांच्या मागे टिपणं सापडली आणि त्यांत पाश्चर यांच्या विरुद्ध मत होतं: पिकलेल्या द्राक्षाच्या रसात पेशीविनाच अल्कोहोल होतं असं. बेर्तलो यांनी ती टिपणं छापून टाकली. पाश्चर दुखावले. मृत मित्राशी वाद घालायचा कसा? त्यांनी शब्दांनी घातला नाही. आर्बुआ या गावी त्यांचा द्राक्षमळा होता. द्राक्षं कच्ची असतानाच त्यांनी वेलींवर काचेची घरं उभारली, घोस निर्जंतुक कापसात गुंडाळले. ऑक्टोबरात ती द्राक्षं चिरडली. शेजारच्या उघड्या वेलींवरच्या द्राक्षांचा रस आंबला. कापसातल्यांचा आंबला नाही. असे घोस ते पॅरिसच्या अकादमीत घेऊनही गेले. बेर्नार यांच्या अपुऱ्या टिपणांना दिलेलं हे उत्तर.

इथपर्यंत पाश्चर जिंकले असं वाटतं. पण एक फट होती. बेर्तलो यांनी १८६०मध्येच यीस्टमधून असा द्रव काढला होता जो पेशीबाहेर राहूनही उसाच्या साखरेचे दोन तुकडे करी. अशा द्रव्यांना पुढे क्यूने यांनी ‘एन्झाइम’ हे नाव दिलं. आपण विकर म्हणतो. मग प्रश्न आला: आंबवणारं असंच एखादं विकर यीस्टच्या पोटात असेल का? खुद्द पाश्चर यांनीही यीस्ट वाटून पाहिलं होतं असं सांगतात. हाती काही लागलं नाही.

हाती लागलं ते १८९६मध्ये, म्युनिकला, आणि तेही भलतंच शोधताना. हान्स बुखनर हे जंतुशास्त्रज्ञ. त्यांना औषधी उपयोगासाठी यीस्टच्या आतला रस हवा होता. त्यांचे धाकटे बंधू एडुआर्ड रसायनज्ञ. पद्धत अशी: यीस्टमध्ये बारीक वाळू आणि कीसेलगूर नावाची भुसभुशीत माती घालून खलात घोटायचं, लगदा ओलसर झाला की कापडात बांधून जलदाबयंत्राखाली पिळायचा. किलोभर यीस्टमधून अर्धा लिटरच्या आसपास रस निघे. पण तो टिकेना. जंतुनाशकं घालावीत तर प्रयोग बिघडतो. तेव्हा काय केलं? आपल्या आज्या कैरीचं जे करत आल्या तेच. साखर घातली, भरपूर. मुरांबा टिकतो तसा रस टिकेल.

रस टिकला नाही, त्यातून बुडबुडे येऊ लागले. एडुआर्ड बुखनर यांनी ते पाहिलं आणि ओळखलं. साखरेचं अल्कोहोल होत होतं आणि तिथे एकही जिवंत पेशी नव्हती. जानेवारी १८९७मध्ये त्यांनी ‘यीस्टच्या पेशींविना अल्कोहोली किण्वन’ अशा अर्थाच्या मथळ्याचं छोटं टिपण पाठवलं. रसात जिवंत कण राहिले असतील, असे आक्षेप बरीच वर्षं आले. त्यांनी रस गाळून दाखवला, पेशी मारणारी द्रव्यं घालून दाखवला. १९०७मध्ये त्यांना नोबेल मिळालं. दहा वर्षांनी पहिल्या महायुद्धात, रुमानियाच्या आघाडीवर जखमी होऊन ते गेले.

आता आमची चूक. वर्गात आम्ही इथे थांबायचो. ‘जीवशक्तिवाद’ शिकवताना, म्हणजे सजीवांत रसायनापलीकडचं काही खास तत्त्व असतं हे मत शिकवताना, आम्ही फळ्यावर १८९७ लिहायचो आणि खाली रेघ मारायचो. जीवशक्ती मेली, बुखनर यांच्या खलात वाटली गेली; पेशी म्हणजे विकरांनी भरलेली पिशवी, पिशवी फोडा, काम चालूच. विद्यार्थ्यांना हे फार आवडायचं, आणि आम्हालाही, खोटं कशाला बोला.

एकदा स्टाफरूममध्ये आम्ही हे नेहमीच्या थाटात सांगत होतो. सूक्ष्मजीवशास्त्राच्या एक तरुण सहकारी चहा घेत होत्या. त्या म्हणाल्या, “सर, तुमचं वाटलेलं यीस्ट आंबवतं खरं, पण श्वास घेऊन ऊर्जा साठवतं का?” आम्ही म्हटलं, म्हणजे? त्या म्हणाल्या, “मिचेल वाचा.” आणि तासाला निघून गेल्या.

वाचलं. वेळ लागला, आमचं रसायनशास्त्र अकरावीनंतर सुटलेलं. पण जे कळलं ते असं.

बुखनर यांच्या रसावर पुढच्या चाळीस वर्षांत विलक्षण काम झालं. हार्डन आणि यंग यांना दिसलं की रसात फॉस्फेट घातलं की किण्वनाचा वेग वाढतो. साखर फुटण्याच्या दहा पायऱ्या एकेक करून सापडल्या. त्या शोधणाऱ्यांपैकी मायरहोफ यांना १९३८मध्ये हिटलरच्या जर्मनीतून पळावं लागलं, आणि पार्नास १९४९मध्ये मॉस्कोच्या तुरुंगात गेले. ऊर्जा ज्या रूपात पेशीत खेळते तो एटीपी हा रेणू १९२९मध्ये सापडला. जर्मनीत लोमान यांना, आणि हार्वर्डमध्ये फिस्के यांच्याबरोबर भीमावरमच्या यल्लाप्रगड सुब्बाराव यांना. सुब्बाराव यांचं नाव आपल्याकडे व्हावं तितकं झालं नाही. क्रेब्ज यांनी १९३७मध्ये आपलं चक्र मांडलं, ते ‘नेचर’ने जागा नाही म्हणून घेतलं नाही, हेही जाता जाता.

पण या दहा पायऱ्यांतून, हवेविना, साखरेच्या एका रेणूमागे पदरात पडतात अवघे दोन एटीपी. हवेत तीच साखर पूर्ण जळली तर साधारण तीस. जुन्या पुस्तकांत ३८ किंवा ३६ दिसतील, हिशोब पुढे सुधारला. पाश्चर यांचं यीस्ट हवेविना इतकं खादाड का होतं, ते इथे उलगडतं: दोन-दोन रुपये मिळवणाऱ्याला तीस मिळवणाऱ्याहून कितीतरी जास्त फेऱ्या माराव्या लागतात. आपलं शरीर दिवसभरात आपल्या वजनाच्या आसपास एटीपी बनवतं आणि मोडतं, आणि त्यातला बहुतेक भाग या हवेच्या वाटेने येतो.

आणि ही हवेची वाट रसात सापडेना. वारबुर्ग यांना १९१३मध्येच दिसलं होतं की यकृताच्या पेशी वाटल्या तर ऑक्सिजन घेण्याचं काम रसात नाही, त्यातल्या कणांपाशी होतं. ते कण म्हणजे मायटोकॉन्ड्रिया; केनेडी आणि लेहनिंजर यांनी १९४८-४९च्या सुमारास ते पक्कं केलं. आता ऑक्सिजनपाशी मोकळी होणारी ऊर्जा एटीपीपर्यंत पोचवणारा मधला रासायनिक दूत कोण, याचा शोध सुरू झाला. चांगल्या चांगल्या प्रयोगशाळांनी तो शोधला. १९५०चं दशक गेलं. दूत सापडेना.

१९६१मध्ये पीटर मिचेल यांनी सांगितलं, दूत नाहीच. मायटोकॉन्ड्रियाला आतून एक पडदा असतो. अन्नातले इलेक्ट्रॉन ऑक्सिजनकडे जाताना त्या ऊर्जेवर प्रोटॉन, म्हणजे हायड्रोजनचे धनभारित कण, पडद्याच्या आतून बाहेर ढकलले जातात. बाहेर त्यांची दाटी होते, जशी धरणामागे पाण्याची. ते परत आत येऊ पाहतात, आणि येण्याच्या एकमेव वाटेवर एटीपी बनवणारं यंत्र बसलेलं असतं. दीडेकशे मिलिव्होल्टचा फरक. ऐकायला क्षुल्लक, पण पडदा पाच-सहा नॅनोमीटर जाडीचा, तेव्हा मीटरमागे हिशोब केला तर तो कोट्यवधी व्होल्टचा होतो.

कोणालाच हे पटलं नाही. मिचेल यांची प्रकृतीही बिघडली, पोटाच्या अल्सरने त्यांना एडिनबरा सोडावं लागलं. त्यांनी कॉर्नवॉलमध्ये एक मोडकळीला आलेला वाडा घेऊन दुरुस्त केला, गाई पाळल्या, आणि तिथेच जेनिफर मॉइल यांच्यासह छोटी प्रयोगशाळा काढली.

त्यांच्या म्हणण्याने एक जुनं कोडं सुटत होतं. डायनायट्रोफिनॉल हे रसायन १९३०च्या दशकात अमेरिकेत वजन कमी करायला सर्रास घेतलं जाई. वजन उतरायचं; आणि काही माणसं अंगातल्या तापाने अक्षरशः भाजून मेली. १९३८पर्यंत ते बंद करावं लागलं. हे रसायन अन्न जाळणं थांबवत नाही, फक्त एटीपी होऊ देत नाही. का? मिचेल यांच्या दृष्टीने सरळ आहे: ते प्रोटॉनना पाठीवर घेऊन पडद्यातून आत सोडतं. धरणाला गळती लागते, चक्की थांबते, आणि सगळ्या ऊर्जेची नुसती उष्णता होते. लाव्हाझ्ये यांनी बर्फात जी मोजली तीच उष्णता, पण आता तिच्या बदल्यात काहीच हाती नाही.

१९६६मध्ये यागेनडॉर्फ यांनी पालकाच्या पानातली हरितलवकं आधी आम्लात बुडवली, मग अंधारात एकदम अल्कलीत टाकली. प्रकाश नाही, अन्न नाही, फक्त प्रोटॉनचा उतार. एटीपी बनला. १९७४मध्ये रॅकर आणि स्टोकेनियस यांनी सोयाबीनच्या स्निग्धांची सूक्ष्म पुटिका केली, तिच्या पडद्यात एका जंतूतलं जांभळं प्रथिन बसवलं, जे प्रकाश पडला की प्रोटॉन ढकलतं, आणि बैलाच्या हृदयातलं एटीपीचं यंत्र. तीन भलत्याच जीवांचे तुकडे. उजेड पाडला, एटीपी बनला. यानंतर विरोध मावळत गेला. १९७८मध्ये मिचेल यांना नोबेल मिळालं तेव्हा त्यांनी माक्स प्लांक यांच्या एका प्रसिद्ध मताची आठवण काढली: नवं मत जिंकतं ते विरोधकांचं मन वळवून नव्हे, विरोधक मरून गेल्यामुळे. आणि आपले समर्थ विरोधक अजून ऐन भरात काम करत असतानाच आपलं म्हणणं मान्य झालं, याचा आनंद बोलून दाखवला. कून शिकवताना हा अपवाद सांगायला विसरू नये.

आता फळ्यावरच्या त्या रेघेकडे परत. लीबिग बरोबर ठरले का? रॅकर यांच्या पुटिकेत जिवंत काहीच नव्हतं, तेव्हा हो. मग पाश्चर चुकले? ते गूढ जीवशक्तीबद्दल बोलतच नव्हते; संघटित, अखंड पेशी लागते, एवढं त्यांचं म्हणणं होतं. किण्वनापुरतं ते बुखनर यांनी खोडलं. श्वसनाच्या बाबतीत मात्र त्याचा अर्धा भाग परत आला. मायटोकॉन्ड्रियाचा पडदा फोडला तर त्याचे तुकडे पुन्हा मिटून गोल होतात, आणि असे मिटलेले गोल एटीपी करतात. साबणासारख्या द्रव्याने पडदा विरघळवला तर सगळे रेणू जागच्या जागी असूनही करत नाहीत. ‘आत’ आणि ‘बाहेर’ यांतला फरक हा कुठल्याच रेणूचा गुण नाही. तो मांडणीचा आहे. आम्ही ज्या पिशवीला नुसतं भांडं म्हणत होतो, तीच काम करत होती.

चार्वाकांचा दृष्टांत यानंतर कसा वाचायचा, हा प्रश्न आम्हाला अजून सोडत नाही. मिश्रणातून गुण उपजतो असं ते म्हणाले, आणि शंकराचार्यांची हरकत देहाच्या भूतांबद्दल होती. मिश्रण आणि मांडणी यांत फरक करायचा की नाही, यावर पुढच्या शुक्रवारी नैयायिकांचा ‘संयोग’ घेऊन बोलू. आज वेळ झाली आहे. मागच्या रांगेत मघापासून एक हात वर आहे, आधी तो प्रश्न घेऊ.